मोडलेल्या हाडाआड दडलेला खांदा

पावसाळ्याच्या अखेरीस तिशीतला एक शेतकरी आपल्या आईबरोबर माझ्या बाह्यरुग्ण कक्षात आला. सहा आठवड्यांपूर्वी पहाटे दुधाच्या किटल्या घेऊन तो डेअरीकडे निघाला असता समोरून आलेल्या टेम्पोने त्याच्या मोटारसायकलला धडक दिली होती. उजव्या दंडाचे हाड मधोमध मोडले. जवळच्या गावी एक्स-रे काढला गेला, मोड स्पष्ट दिसला, प्लास्टरची पट्टी बांधली गेली आणि हात गळ्यात अडकवला गेला. उपचार वेळेवर झाले होते, प्लास्टरही नीट बसलेले होते. महिन्याभरानंतरच्या चित्रात मोडीभोवती नवे हाड धरू लागल्याचेही दिसत होते.

तो स्वतः फारसे बोलला नाही. आईच म्हणाली, “डॉक्टरसाहेब, हाड जुळतंय म्हणतात सगळे. मग ह्याचा हात टाळूपर्यंत का जाईना? अजून मीच भांग पाडते त्याचा.”

त्याला शर्ट काढायला सांगितला आणि मी त्याच्या पाठीमागे जाऊन उभा राहिलो. खांदा पाहायचा तर दोन्ही खांदे उघडे करून, एकाशेजारी एक पाहावेत. हा जुना पाठ आहे आणि घाईगर्दीच्या दिवसात तोच सर्वांत आधी विसरला जातो. डावा खांदा गोल आणि भरीव होता. उजवा मात्र काटकोनात तासल्यासारखा सपाट दिसत होता. खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट ठेवले तर ते आत खोलवर रुतले. तिथे जे असायला हवे होते ते नव्हते. काखेच्या पुढच्या बाजूला, छातीलगत, बोटांना एक कठीण गोल वस्तू लागली. तो दंडाच्या हाडाचा माथा होता. अपघाताच्या दिवशीच तो सांध्याबाहेर निसटला असणार.

अपघाताच्या दिवशीचा एक्स-रे त्याच्या आईने प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणला होता. चित्र स्वच्छ होते आणि मोडही ठळक दिसत होता. परंतु चित्राची वरची कड दंडाच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यापाशीच संपत होती. खांद्याचा सांधा त्या चित्रात आलेलाच नव्हता. चित्राने काही लपवले नव्हते. त्याला तो प्रश्न कोणी विचारलाच नव्हता.

शालेय पुस्तकांत खांद्याच्या सांध्याला ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. कमरेच्या, म्हणजे मांडीच्या सांध्याला हे नाव शोभते, कारण तिथे मांडीच्या हाडाचा गोळा खरोखरच खोल उखळीत बसलेला असतो. खांद्याची गोष्ट वेगळी आहे. पाठीवरच्या त्रिकोणी चपट्या हाडाच्या, म्हणजे स्कंधास्थीच्या, बाहेरच्या कोपऱ्यावर एक उथळ खोबणी असते. तिला उखळ म्हणण्यापेक्षा बशी म्हणणे अधिक योग्य ठरेल. दंडाच्या हाडाचा माथा या बशीपेक्षा बराच मोठा असतो, आणि कोणत्याही क्षणी त्याचा साधारण पाव ते एकतृतीयांश भागच तिला टेकलेला असतो. बाकीचा भार कूर्चेची एक कड, सांध्याभोवतीची पिशवी, अस्थिबंध आणि माथ्याला वेढून बसलेले चार स्नायू वाहतात. म्हणूनच आपला हात पाठीवर खाजवू शकतो, झाडावरचा आंबा तोडू शकतो आणि चेंडूही फेकू शकतो. या स्वातंत्र्याची किंमत म्हणजे शरीरातील सर्व मोठ्या सांध्यांत सर्वाधिक वेळा निखळणारा सांधा हाच. शंभरांतील सुमारे पंचाण्णव वेळा माथा पुढच्या दिशेने निसटतो, दोन ते चार वेळा मागे, आणि क्वचित सरळ खाली. खाली निसटला तर हात डोक्यावर उभा राहून तसाच अडकतो. ते दृश्य एवढे विलक्षण असते की त्याचे निदान सहसा चुकत नाही.

चुकते ते निदान दोन दुखापती एकत्र आल्यावरचे. त्या एकत्र येण्याच्या तऱ्हा तीन. सर्वांत जास्त आढळणारी म्हणजे खांदा पुढे निखळताना माथ्याच्या बाहेरच्या उंचवट्याचा तुकडा सुटणे. वर उल्लेखलेल्या चार स्नायूंपैकी तिघे याच उंचवट्याला चिकटलेले असतात. माथा बाहेर जाताना ते त्याला जागच्या जागी ओढून धरतात आणि त्या ओढाताणीत हाडच हार मानते. दुसरी तऱ्हा म्हणजे माथ्याच्या खालची ‘मान’ मोडणे आणि माथा सुटा होऊन सांध्याबाहेर जाणे. न्यूयॉर्कचे अस्थिशल्यविशारद चार्ल्स नीअर यांनी १९७० साली दंडाच्या वरच्या टोकाच्या अस्थिभंगांचे वर्गीकरण मांडले तेव्हा माथा निखळलेल्या अशा मोडींना त्यांनी स्वतंत्र स्थान दिले. ते वर्गीकरण आजही जगभर वापरले जाते. तिसरी तऱ्हा आमच्या दूध उत्पादकाची. हाड मधोमध दांड्यात मोडते आणि वर कुठेतरी, त्या मोडीशी वरकरणी संबंध नसल्यासारखा, खांदा निखळलेला असतो. ही जोडी दुर्मीळ आहे. अनेक अस्थिरोगतज्ज्ञांना ती आयुष्यात एखाददोन वेळाच भेटते. आणि ती निसटण्याचे एक कारण नेमके हेच आहे. जे कधी भेटत नाही त्याची वाट कोण पाहणार?

घडते कसे, याचा अंदाज बांधता येतो. रस्त्यावर आपटताना माणूस हात पुढे टाकतो. तळहातापासून वर चढलेला जोर माथ्याला बशीतून ढकलून देतो. गती अजून संपलेली नसते. उरलेला जोर मग दंडाच्या दांड्यावर पडतो आणि तो मोडतो. कधी खांद्यावर एक आणि दंडावर दुसरा असे दोन स्वतंत्र आघातही होतात. दुचाकीच्या अपघातात माणूस एकदाच पडत नाही. तो आपटतो, घसरतो, पुन्हा कशावर तरी आदळतो.

आता निदान का हुकते, याकडे वळू. निखळलेल्या खांद्याचा एक ठरावीक पवित्रा असतो. रुग्ण दुसऱ्या हाताने कोपर धरून येतो, दंड किंचित बाहेर झुकलेला असतो आणि कोपर शरीराला टेकत नाही. डॉक्टर ‘हा हात पलीकडच्या खांद्यावर ठेवा’ म्हणतात आणि तो ठेवता येत नाही. पण मध्ये हाड मोडलेले असेल तर ही सारी चिन्हे कोलमडतात. मोडीखालचा हात माथ्यापासून तुटलेला असतो. तो लोंबतो, हवा तसा वळतो, छातीलाही टेकतो. माथा अडकून पडल्याची बातमी कोपरापर्यंत पोहोचतच नाही. त्यात सूज चढते आणि खांद्याचा तासलेला आकार सुजेत बुजून जातो. रुग्णाला विचारावे तर तो मोडीवरच हात ठेवतो, कारण हाडाची टोके एकमेकांवर घासत असतात आणि ती वेदना बाकी सर्व वेदनांना गप्प करते. डोक्याला मार लागून तो बेशुद्ध असेल तर विचारायलाही कोणी नसते.

शिवाय पाहणाऱ्याचे मन. एक ठळक दोष सापडला की नजर समाधान पावते आणि शोध थांबतो. क्ष-किरणतज्ज्ञांमध्ये या सवयीची चर्चा १९६० च्या दशकापासून चालत आली आहे. घरात हरवलेल्या दोन वस्तूंपैकी एक हाती लागली की दुसरीचे भान सुटावे, तसेच हे. अज्ञानातून होणाऱ्या चुकीपेक्षा ही चूक निराळी आहे. ती अनुभवी माणसाकडूनही होते, आणि रात्री तीन वाजता अधिक होते.

म्हणून अस्थिरोगशास्त्रात एक साधा नियम विद्यार्थ्यांच्या मनावर बिंबवला जातो. लांब हाड मोडले असेल तर त्याच्या वरचा आणि खालचा, दोन्ही सांधे चित्रात आलेच पाहिजेत. दंड मोडला तर खांदा आणि कोपर. एकाच चित्रात दोन्ही मावत नसतील तर दोन चित्रे. या नियमाला खर्च फार नाही. त्याला लागते ती फक्त तंत्रज्ञाला दिलेली एक ओळीची सूचना.

तरी केवळ खांदा चित्रात आला म्हणजे काम भागले असे नाही. याबाबत माझाच एक अनुभव सांगितला पाहिजे. शिकाऊ निवासी डॉक्टर असताना एका मोठ्या रुग्णालयात रात्रपाळीला होतो. चाळिशीच्या एका बाईंना झोपेत आकडी आली होती, आणि शुद्धीवर आल्यावर उजवा खांदा दुखत होता. हात त्यांनी पोटाशी घट्ट धरलेला होता. मी समोरून एक एक्स-रे काढवला. माथा बशीसमोर जागच्या जागी दिसला, मोड दिसला नाही. कागदावर ‘मुका मार’ लिहिले, झोळी दिली, वेदनाशामक गोळ्या दिल्या आणि त्यांना घरी पाठवले. तीन आठवड्यांनी त्या परत आल्या. दरम्यान कोणी तरी ‘खांदा आखडला आहे’ म्हणून शेक आणि व्यायाम सुरू केले होते आणि त्याने दुखणे वाढले होते.

माझ्या वरिष्ठांनी त्यांना हात वर करायला सांगितलेच नाही. ते म्हणाले, “बाई, देवळात तीर्थ घेता ना? तसे दोन्ही हात पुढे करा.” डावा तळवा सहज उताणा झाला. उजवा होईना, तो कलता, अर्धवट पालथाच राहिला. सरांनी माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता दुसऱ्या दिशेचा एक्स-रे लिहून दिला. माथा मागे निखळलेला होता, आणि बशीच्या मागच्या कडेवर आपटून त्याच्या पुढच्या भागात खोल खाच पडली होती. तो अस्थिभंगच, पण आत चेपलेला.

आकडी किंवा विजेचा झटका यांत शरीराचे सर्व स्नायू एकदम आवळतात. खांद्याला आत वळवणारे स्नायू बाहेर वळवणाऱ्यांपेक्षा बलवान असतात. ते माथ्याला आत वळवून मागे ढकलतात. पडण्याची, आपटण्याची गरजच नसते. मागे निखळलेल्या खांद्यांपैकी निम्म्याहून अधिक पहिल्या तपासणीत ओळखले जात नाहीत, असे वैद्यकीय साहित्यात वारंवार नोंदले गेले आहे. त्याचे कारण समोरच्या चित्रात आहे. पुढून पाहिले तर मागे सरकलेला माथा आणि जागेवरचा माथा जवळजवळ एकमेकांवर पडतात, जसे भिंतीला टेकलेले मडके आणि भिंतीपासून वीतभर पुढे ठेवलेले मडके समोरून काढलेल्या छायाचित्रात सारखेच दिसावे. सराईत डोळ्याला मात्र एक खूण दिसते. एरवी माथ्याची आकृती काठीच्या मुठीसारखी एका बाजूला झुकलेली असते. मागे निखळलेला माथा आत वळल्यामुळे दोन्ही बाजूंनी सारखा गोल, विजेच्या दिव्यासारखा दिसतो. त्या रात्रीच्या माझ्या चित्रात तो दिवा होता. मी पाहिला, पण ओळखला नाही.

दुसऱ्या दिशेची चित्रे कशी काढतात हे घरच्यांनाही ठाऊक असावे, कारण हात हलवायचा म्हटले की रुग्णापेक्षा नातेवाईकच अधिक घाबरतात आणि पुष्कळदा तेच नको म्हणतात. पहिला प्रकार काखेतून काढायच्या चित्राचा. यात दंड शरीरापासून थोडासा दूर न्यावा लागतो. अगदी आडवा करण्याची गरज नसते, अलगद आधार देऊन काही अंश बाजूला नेला तरी पुरते. या चित्रात बशी आणि माथा वरून पाहिल्यासारखे दिसतात, आणि माथा पुढे आहे की मागे हा वाद तिथल्या तिथे मिटतो. मोड ताजी असेल आणि तेवढेही शक्य नसेल तर हात झोळीत तसाच ठेवून रुग्णाला किंचित मागे रेलायला लावतात आणि वरून खाली किरण सोडतात. तिसऱ्या प्रकारात स्कंधास्थी बाजूने टिपतात. ती इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसते आणि तिच्या तीन फांद्या जिथे मिळतात तिथे माथा असायला हवा. तोही हात न हलवता काढता येतो. एवढे करूनही शंका उरली, किंवा माथ्याचेच तुकडे झाले असतील, तर सीटी स्कॅन. तुकडे किती, कुठे सरकले, माथ्याची खाच केवढी, हे त्यात उलगडते आणि शस्त्रक्रियेची आखणी त्यावरच होते. साधी चित्रे नीट काढली असतील तर प्रत्येकालाच सीटी लागतो असे नाही, हेही सांगून ठेवतो.

याची उलट बाजूही आहे. माथा खाली दिसला म्हणजे खांदा निखळलाच, असे नव्हे. न्हाणीघरात पाय घसरून दंडाची मान मोडलेल्या एका आजींचे चित्र त्यांच्या नातवाने मोबाइलवर कोणाकोणाला पाठवले होते आणि कोणी तरी ‘खांदाही निखळला आहे, ताबडतोब बसवून घ्या’ असे कळवले होते. घर हवालदिल झाले होते. चित्रात माथा बशीच्या मानाने खाली उतरलेला दिसत होता, हे खरे. परंतु मोडीनंतर सांध्यात रक्त साठते आणि खांद्याला गोलाई देणारा डेल्टॉइड स्नायू काही काळ ढिला पडतो. मग हाताच्या वजनाने माथा खाली ओघळतो. काखेतून काढलेल्या चित्रात तो बशीसमोरच होता. हा आभास होता. कोपराला नीट आधार दिला आणि स्नायूंनी पुन्हा ताकद धरली की काही आठवड्यांत माथा आपोआप वर येतो. आजींचाही आला. तो ‘बसवण्यासाठी’ कोणी हात ओढला असता तर मोडलेली मान अधिकच सरकली असती.

आजींचे उदाहरण अपवादात्मक नाही. वयाबरोबर हाडे ठिसूळ झालेल्यांमध्ये खुब्याच्या आणि मनगटाच्या मोडींखालोखाल दंडाच्या वरच्या टोकाची मोड आढळते, आणि स्त्रियांमध्ये अधिक. ओली फरशी, रात्रीचा अंधार, सैल चपला यांनी होणारी ही दुखापत घराघरांतली आहे. लहान मुलांची गोष्ट पुन्हा निराळी. त्यांचा सांधा सहसा निखळत नाही, त्याआधी माथ्याखालची वाढीची कूर्चा सरकते. ती निरोगी कूर्चा एक्स-रेमध्ये मोडीच्या रेषेसारखी भासते, म्हणून मुलांच्या बाबतीत कधी कधी दुसऱ्या खांद्याचे चित्रही शेजारी ठेवून पाहतात.

ओढण्याचा विषय निघालाच आहे. खांदा निखळला की तो लगेच ओढून बसवावा, अशी समजूत गावोगाव आहे, आणि ती निराधार नाही. साधा निखळलेला खांदा जितका लवकर बसेल तितके बरे. आपल्याकडची ही विद्याही जुनी आहे. सुश्रुतसंहितेत भग्नाचे दोन मुख्य प्रकार सांगितले आहेत. सांधा सुटणे ते संधिमुक्त, त्याचे सहा भेद. हाडाचा दांडा मोडणे ते कांडभग्न, त्याचे बारा भेद. निखळलेला खांदा काखेत मुसळ देऊन उचलावा आणि जागी आल्यावर स्वस्तिकाकार बंध बांधावा, असेही तिथे सांगितले आहे. मला यात मोलाचे वाटते ते हे की दोन दुखापती वेगळ्या आहेत, हे भान उपचाराच्या आधी येते. एकाच हातात त्या दोन्ही आल्या की साध्या ओढण्याचे गणित बिघडते. १८७० साली स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी खांदा बसवण्याची जी रीत मांडली ती दीड शतक जगभर वापरात आहे. तिच्यात हात तरफेसारखा वळवावा लागतो. माथ्याखालच्या मानेला न दिसलेली बारीक चीर असेल तर ही तरफ माथा बसवण्याऐवजी मान तोडते. माथा आत अडकलेला राहतो आणि खालचे हाड हातात येते. हाडवैद्याकडे हे घडते तसे रुग्णालयातही घडते. म्हणून पडल्यानंतर निखळलेला खांदा, विशेषतः चाळिशीनंतर, आधी चित्र काढून मगच हाताळावा. दांडाच मोडलेला असेल तर तरफ उरतच नाही. कोपर कितीही ओढले तरी वरचा तुकडा जागचा हलत नाही. अशा वेळी संपूर्ण भूल देऊन, स्नायू सैल करून, माथा थेट काखेतून ढकलून बसवतात, किंवा आधी मोड पट्टीने जोडून हाड अखंड करतात आणि मग खांदा बसवतात, किंवा सांधा उघडतात.

तपासणीचा आणखी एक भाग चित्रात दिसत नाही. काखेजवळून हाताकडे जाणारे मज्जातंतू आणि मोठी रोहिणी निसटलेल्या माथ्याच्या वाटेतच असतात. दंडाच्या बाहेरच्या बाजूवर, जिथे पूर्वी सैनिकांच्या बाहीवर पलटणीचे चिन्ह असे, तिथली त्वचा बधिर झाली असेल तर डेल्टॉइडचा तंतू दुखावला आहे, असे समजतात. दांडा मोडलेल्यांपैकी सुमारे १२ टक्के रुग्णांत मनगट वर उचलणारा तंतू दुखावतो आणि पंजा लोंबतो. बहुतेकांत तो काही महिन्यांत सावरतो. रोहिणीची दुखापत विरळ, पण घातक. वृद्धांत ती अधिक होते आणि फसवी असते, कारण खांद्याभोवतीच्या आडवाटांनी रक्त येत राहते आणि मनगटाची नाडी लागू शकते. काखेत झपाट्याने वाढणारी सूज, गार आणि फिकट पडलेला हात, न थांबणारी तीव्र वेदना दिसली तर नाडी लागते आहे म्हणून स्वस्थ बसता येत नाही. ही तपासणी सांधा बसवण्यापूर्वी करून लिहून ठेवायची आणि बसवल्यानंतर पुन्हा करायची. एरवी बधिरता आधीची की नंतरची, हे कोणालाच सांगता येत नाही.

अपघातस्थळी घरच्यांच्या हातून होण्यासारखे थोडे आहे, पण ते महत्त्वाचे आहे. हात जसा आहे तसाच ठेवून उपरणे, ओढणी किंवा पंचा यांची झोळी करावी आणि तो छातीशी टेकवून बांधावा. सरळ करण्याचा, चोळण्याचा मोह टाळावा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ सूज चढण्याआधीच उतरवावे. नंतर अंगठी कापावी लागते, आणि लग्नातली अंगठी कापताना होणारी घालमेल मी पुष्कळदा पाहिली आहे. भूल द्यावी लागण्याची शक्यता असते, म्हणून धीर देण्यासाठी दूध-चहा पाजू नये. रुग्णालयात गेल्यावर डॉक्टरांना शांतपणे दोन गोष्टी विचाराव्यात. खांदा आणि कोपर दोन्ही चित्रात आले आहेत का? खांद्याचे दुसऱ्या बाजूचे चित्र काढले आहे का? हे विचारण्याने कोणाही सुज्ञ डॉक्टरचा अवमान होत नाही. मला विचारले तर मी पुन्हा एकदा चित्र उजेडाकडे धरतो. आकडी किंवा विजेचा झटका येऊन गेला असेल तर ते आवर्जून सांगावे. फिट आल्याचे लपवण्याची आपल्याकडे रीत आहे, विशेषतः घरात लग्नाची मुलगी असली की. त्या लपवण्यात खांदा कायमचा अधू होऊ शकतो.

वेळेचे महत्त्व आहे ते यासाठी. साधारण तीन आठवडे उलटले की रिकाम्या बशीत तंतुमय ऊती भरते, भोवतालची पिशवी आक्रसते, माथा बाहेरच्या जागी रुजू लागतो, आणि नुसत्या भुलीखाली तो परत येण्याची आशा मावळत जाते. माथ्याचे रक्ताभिसरणही नाजूक असते. मान मोडून माथा निखळला तर ते तुटून माथा पुढे सुकत जाण्याचा धोका राहतो. अतिवृद्धांत, बेताच्याच हालचालीवर समाधानी असणाऱ्यांत, जुना निखळलेला खांदा तसाच ठेवण्याचा निर्णय कधी कधी शहाणपणाचा ठरतो. तिशीतल्या माणसाला तो परवडत नाही.

त्या बाईंच्या माथ्यातली खाच भरून काढणारी शस्त्रक्रिया सरांनी केली. मी साहाय्यक होतो. टाके काढायला त्या आल्या तेव्हा मी माझी चूक त्यांना सांगितली. त्या म्हणाल्या, “तुम्ही रात्रभर जागे होता, मला दिसत होतं.” त्यापेक्षा त्या रागावल्या असत्या तर बरे झाले असते.

दूध उत्पादकाचा सांधा उघडावा लागला. नव्याने धरलेले कोवळे हाड ओढाताणीत पुन्हा मोडेल, म्हणून आधी दंडावर पट्टी बसवली, मग बशीतली ऊती काढून माथा जागी आणला आणि पुढची बाजू शिवून घट्ट केली. त्यानंतर चार महिने व्यायाम. भिंतीवर बोटांनी चढत जायचे आणि रोज जिथवर पोहोचेल तिथे खडूने रेघ मारायची, हा त्याच्या आईने घालून दिलेला शिरस्ता. वर्षाने तो तपासणीला आला तेव्हा हात खांद्याच्या वर वीतभर जात होता. पाठीमागे नेताना मात्र अडत होता आणि तो बहुधा तसाच अडत राहणार. शर्ट घालताना तो आधी उजवा हात बाहीत घालतो, मग डावा. किटली डाव्या हाताने उचलतो, उजव्याने झाकण लावतो. भांग त्याने स्वतः पाडला होता, जरा वाकडा.